माशाचे डोळे

तिसऱ्यांदाही तेच झालं. ओल्या रंगात बघता बघता गोल खळगे उमटले, माशाच्या डोळ्यांसारखे. काशिरामने स्प्रे-गन खाली ठेवली.

पळस्प्याच्या नाक्याजवळ काळूरामशेठचं गॅरेज होतं. १९६५ सालच्या फेब्रुवारीत डॉक्टरांची मोटार तिथे रंगायला आली होती. पत्रा झकास निघाला. अडलं ते डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर. काशिराम वीस वर्षं पेंटरचं काम करत होता, पण प्लॅस्टिक त्याने आजवर रंगवलं नव्हतं. त्याने हवेच्या टाकीतलं पाणी काढलं, रंग फडक्यातून गाळला, थिनर बदलला. डोळे काही हटेनात. शेठने बजावलं होतं, दुपारपर्यंत जमलं नाही तर पट्टी मुंबईला जाईल, आणि यापुढे इथे फक्त ट्रक रंगतील.

हौसा पट्टीवरचा रंग उतरवायला बसली. मिठागरावरचं काम सुटल्यापासून नऊ वर्षं ती इथे ओल्या पॉलिशपेपरने गाड्या घासत होती. तिने पट्टीवर पाणी ओतलं आणि तिचा हात थांबला. पत्र्यावर पाणी पसरायचं. इथे त्याचे थेंब होऊन घरंगळत होते, अळवाच्या पानावर घरंगळावेत तसे.

"उस्ताद, दोष रंगात नाय," ती म्हणाली. "हिच्या अंगाला तेल हाय."

काशिराम वैतागला. थिनरने दोनदा पुसलीय, असं त्याने ऐकवलं. पण थेंब त्यानेही पाहिले. फोन करून डॉक्टरांना विचारलं, तर दर रविवारी ते पट्टीला मेणाचं पॉलिश चोळत होते.

मग दोघांनाही चेव आला. थिनरने मेण निघण्याऐवजी नुसतं पसरलं होतं, हे काशिरामच्या ध्यानात आलं. हौसाने पाणी तापवलं, साबण कालवला आणि घासायला लागली. धुवायचं, पाणी ओतायचं, बघायचं. चौथ्या खेपेला पाणी पट्टीभर सलग पसरलं, कुठेही तुटलं नाही. ती हसली. काशिरामने दोनदा वाकून पाहिलं. वाळल्यावर त्याने पट्टीच्या एका कडेला बोटभर जागेवर रंगाचा हलका हात मारून पाहिला. दोघं थांबून बघत राहिली. एकही डोळा उघडला नाही.

आता सगळी पट्टी. काशिरामने गन उचलली आणि तिच्यापुढे धरली.

"मला नाय येत," ती म्हणाली.

"नऊ वरसं बघतेस. मार. पयला हात धुक्यासारका, पातळ."

दाराशी शेठ येऊन उभा राहिला होता. तो काहीतरी बोलणार होता, पण काशिरामने हातानेच त्याला थांबवलं.

हौसाने पदर नाकावर बांधला आणि घोडा दाबला. पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती सावकाश सरकत गेली. तिच्या मागे, हवेची नळी तिच्या पायात येऊ नये म्हणून दोन्ही हातांनी ती उचलून धरत, काशिराम चालत होता.