डॉजवरचा मेंढा

जीपमध्ये बसलं की जिवनबाईच्या पोटात ढवळायचं. म्हणून हिंगोलीला जायचं म्हटलं की ती हजार बहाणे सांगायची. पण आज बंजारा तांड्याजवळच्या गोरेगावला ती आपणहून जीपमध्ये चढली आणि पदर तोंडाशी धरून गुमान बसली. लेक विकास सारखा विचारून राहिला, "याडी, तकलीफ होते का?" ती नुसती मान हलवायची.

कारणच तसं होतं. हिंगोलीच्या जळबा मिस्त्रीला जुन्या पिकअपच्या बॉनेटवरच्या धातूच्या मूर्ती जमवायचा नाद. लोक हसायचे, "गाडी सोडून गाडीचं नाकच जमवतो लेकाचा!" त्यानं एका मेंढ्याचा फोटो मोबाईलवर टाकला होता. तो विकासनं पाहिला आणि त्याचा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

विकासच्या बापाच्या, थावराच्या डॉज पिकअपवर असाच मेंढा होता. दर खेपेला जिवनबाई त्याला शेंदूर लावायची. वर्षभरात थर एवढा चढायचा, की तांड्यातली लेकरं त्याला देव समजून हात जोडायची. उघडा मेंढा पाहिला तो फक्त नवरा-बायकोनं. दसऱ्याला थावरा करवंटीनं सगळा शेंदूर खरवडायचा, आणि नवा पहिला हात जिवनबाईचा. एका दसऱ्यानंतर थावरा हळदीची पोती भरून घाटापलीकडं गेला, तो गेलाच. विकास तेव्हा रांगत होता, आता त्याला मिशा आल्या.

नवरेवाल्या बाईनं घालायच्या चांदीच्या घुगऱ्या जिवनबाईच्या कानाशी अजून लोंबत होत्या. बायका म्हणायच्या, "काढ की गं आता." मग ती अशी उसळायची, की पुन्हा कुणी तोंड उघडत नसे. "काहून काढू? मेल्याचं कुणी पाहिलं का?"

जळबानं त्यांना बसवलं, पाणी दिलं. टेबलावर एक पंख पसरलेला पक्षी, एक अग्निबाण आणि दोन मेंढे मांडलेले. सगळे घासूनपुसून लखलखीत.

"मावशी, यातल्या एका मेंढ्याची गाडी घाटाखालच्या दरीत झाडाझुडपात सापडली," जळबा हळूच म्हणाला. "नंबरप्लेट गंजून गेलेली. चालवणारा आतच राहिला होता. गावकऱ्यांनी माती दिली. तुमी वळखलं, तर लेकराला बापाचं काही करता येईल."

विकास मान खाली घालून बसला. त्यानं उघडा मेंढा कधी पाहिलाच नव्हता. ओळखायचं ते याडीनंच.

जिवनबाईनं पहिला मेंढा उचलला. शिंगं जाड होती. तिनं तो खाली ठेवला. दुसऱ्यावर हात ठेवला आणि अंगठा आपसूक उजव्या शिंगाच्या बुडाशी गेला. तिथं ओतकामात राहिलेलं एक टोक होतं. ते बोचलं. दर दसऱ्याला असंच बोचायचं, थावरा कानस घेऊन यायचा, आणि ती म्हणायची, राहू द्या, बोचू द्या. अगं बाई, किती आठवण यावी माणसाची! त्याचा विडीचा वास, गाडी तांड्याच्या चढावर आली की दोनदा वाजणारा भोंगा, सगळं एका बोटातून वर आलं. तिला वाटलं, इथंच गळा काढून रडावं.

"हाच का, याडी?" विकासचा आवाज फुटला होता.

तिनं अंगठा काढून घेतला.

"न्हाई."

"नीट पाह्य ना."

"न्हाई म्हनलं ना! ह्यो आपला न्हाई. आपला बारीक तोंडाचा व्हता."

विकासनं मोठा श्वास सोडला आणि चक्क हसला, लहानपणी हसायचा तसा. "मंग येतील बापू," तो म्हणाला.

"येतील की," जिवनबाई म्हणाली. व्हय म्हटलं असतं तर थावरा त्या टेबलावरच मेला असता, आणि तिला त्याला मारायचं नव्हतं.