कियारा म्हणायचं, चिआरा नाही

आमचे चिरंजीव पियुष मिलानमध्ये लग्न करणार होते आणि आम्ही ते कोथरूडमध्ये बसून फोनवर पाहणार होतो. "छोटंसं लग्न आहे बाबा, तुम्हाला उगाच दगदग." वा! एकुलत्या एका मुलाच्या लग्नाची आईबापांना दगदग होते, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

हिला मात्र एकच ध्यास. लग्न लागलं की सगळ्यांना नाव घेऊन शुभेच्छा द्यायच्या, तेवढं तरी नीट व्हावं. सूनबाई कियारा, व्याही गुल्येल्मो, विहीणबाई जुझेप्पीना. पोळ्या लाटताना हिचा जप चालायचा. चुकली की फोनवर पियुष तणतणायचा, "आई, चिआरा काय चिआरा? कियारा! आणि गुग्लिएल्मो नाही गं, दुसरा ग गिळायचा! तिथे माझं हसं करू नकोस."

चार वर्षांचा होईपर्यंत या गाढवाला र म्हणता येत नव्हता. हिने तेव्हा एकदाही आवाज चढवला नव्हता.

लग्नाच्या दिवशी ही ठेवणीतली साडी नेसून सोफ्यावर बसली. तिकडे सह्या झाल्या, टाळ्या पडल्या. हिने हात जोडले आणि तिन्ही नावं अशी खणखणीत घेतली की मी चाटच पडलो. तिकडे कुणी मान वर केली नाही.

"गडबडीत आहेत," ही म्हणाली.

मी नीट पाहिलं. माइकच्या खुणेवर लाल रेघ होती. पियुषने आमचा आवाज तिकडूनच बंद करून ठेवला होता. मी बटण दाबदाब दाबलं, पण ते इकडून सुरू होईना.

तेवढ्यात व्याही फोनकडे बघून हसले आणि त्यांनी पियुषला इंग्रजीत विचारलं, तुझ्या आईचं नाव कसं म्हणायचं?

"फार अवघड आहे ते," पियुष म्हणाला. "नुसतं मम्मा म्हणा."

माझं डोकंच फिरलं. "ज्योत्स्ना!" मी ओरडलो. "ज्योत्स्ना म्हणायचं तिला, नालायका!" उभ्या जन्मात मी हिला नावाने हाक मारली नव्हती. तिकडे केक कापत होते.

"अहो, हळू! ऐकतील ना ते."

"कुणी ऐकत नाहीये," मी म्हणालो आणि ती लाल रेघ दाखवली.

चष्मा सारखा करून तिने ती रेघ पाहिली.

"पण मी बरोबर म्हटली होती ना हो नावं?"