दोरीवरची दोन कुलपं

मी यामिकीचं पुस्तक बोलतोय. नाव ऐकूनच पळू नका. वस्तू का हलतात, कशा हलतात आणि कधी थांबतात, एवढंच माझ्या पोटात आहे. छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझा रुबाब काय सांगू! कॉलेजची मुलं माझ्यासाठी भांडतील, अशी माझी समजूत होती.

दुकानात मात्र माझ्या शेजारी एक जाडजूड पुस्तक येऊन बसलं. पानोपानी रंगीत चित्रं, प्रत्येक गणित शेवटपर्यंत सोडवलेलं. मुलं मला चाळायची, ‘उरलेली सिद्धता वाचकाने पूर्ण करावी’ या वाक्यापाशी त्यांचं तोंड कडू व्हायचं आणि ती शेजाऱ्याला उचलून चालती व्हायची.

मग एक दिवस एक बाई आल्या. केसांत रुपेरी छटा, खांद्याला ऑफिसची पर्स. दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळ देण्याचं काम करायच्या त्या.

"मुलासाठी हवंय का?" दुकानदाराने विचारलं.

"नाही. माझ्यासाठी."

दुकानदाराला उगाचच खोकला आला.

बाईंचा पदवीचा हा एकच विषय राहिला होता. नापास झाल्या, मग लग्न, मूल, नोकरी, आणि तो राहिला तो राहिलाच. आता विद्यापीठाने जुन्या विद्यार्थ्यांना शेवटची संधी दिली होती. ही हुकली की पदवी कायमची गेली.

त्यांनी आम्हा दोघांना काउंटरवर शेजारी शेजारी ठेवलं, दोघांतलाही तोच एक धडा उघडला आणि उभ्यानेच वाचला. बराच वेळ. मग शेजाऱ्याला मिटत म्हणाल्या, "मागच्या वेळी असंच घेतलं होतं. यात सगळं केलेलंच आहे, मग मी काय करणार? पाठ करणार!" आणि मला पिशवीत टाकलं. शपथेवर सांगतो, मी शहारलो.

पण सवय अशी सुटते थोडीच! घरी आल्यावर बाईंनी मलाही पाठ करायला घेतलं. स्वयंपाकघरात टेबलाच्या एका टोकाला त्या मोठ्याने सूत्रं म्हणायच्या, दुसऱ्या टोकाला सासूबाई मटार सोलायच्या. सासूबाई टेलिफोन ऑपरेटर होत्या, आता निवृत्त. उभा जन्म लोकांचं बोलणं जोडून देण्यात गेलेला, त्यामुळे बोलणं कुठे तुटतंय ते त्यांना लगेच ऐकू यायचं. बाईंचा नवरा चहा ठेवून हळूच सटकायचा. या दोघींच्या मध्ये पडायचं नाही, एवढं शहाणपण त्याला होतं.

एका रविवारी अभ्यासाची गाडी एकमेकांना जोडलेल्या लंबकांच्या धड्यावर आली. बाई घडाघडा म्हणत सुटल्या. सासूबाईंनी हात थांबवला.

"अगं, एक विचारू? लंबक दोन, आणि एकाच दोरीला टांगलेले. बरोबर?"

"हो, आई."

"मग एकाला झोका दिला तर दुसऱ्याचं काय होतं?"

बाईंनी सूत्र म्हटलं.

"ते ऐकलं मी. होतं काय ते सांग."

बाईंच्या डोळ्यांत पाणी तरारलं. मला धाडकन मिटून म्हणाल्या, "मला नाही माहीत. तेव्हाही नव्हतं. माझ्याच्याने हे होणार नाही, आई."

सासूबाईंनी समजूत घातली नाही. ड्रॉवरमधून सारखी दोन कुलपं काढली, सारख्याच लांबीच्या दोऱ्यांना बांधली आणि गॅलरीत कपड्यांच्या सैल दोरीवर शेजारी शेजारी लटकवली. "ये, ढकल."

बाईंनी नाक पुसत एकाला झोका दिला. ते झुलायला लागलं. मग हळूहळू मंदावलं आणि दुसरं, ज्याला कुणी बोटही लावलं नव्हतं, ते झुलू लागलं! पहिलं पार थांबलं. थोड्या वेळाने पुन्हा उलटं.

"अगंबाई! याने झोका त्याला दिला, आता ते याला देतंय!" सासूबाई टाळ्या पिटायला लागल्या.

बाई मात्र आता हसतही नव्हत्या, रडतही नव्हत्या. त्यांनी दोन्ही कुलपांना एकाच बाजूला ओढून सोडलं. दोघं जोडीने झुलत राहिली. मग विरुद्ध बाजूंना ओढून सोडलं. तीही लय टिकली. "आई, चाली दोनच आहेत! बाकी सगळी यांचीच सरमिसळ!" असं ओरडत त्या आत धावल्या आणि पेन्सिल घेऊन माझ्यावर तुटून पडल्या. सिद्धता त्यांनी माझ्याच समासात पूर्ण केली. गिचमिड होती, पण त्यांची होती.

परीक्षेला मला आत प्रवेश नव्हता. वर्गाबाहेर पिशव्यांच्या ढिगात जीव मुठीत धरून पडलो होतो. बाई बाहेर आल्या त्या थेट फोन लावतच. "आई, लंबक नव्हते! स्प्रिंगने जोडलेल्या दोन गाड्या होत्या. आधी वाटलं, गेली संधी. मग विचार केला, एकदा जोडीने हलवू, एकदा उलट हलवू..." पुढचं हसण्यात बुडालं.

बाई पास झाल्या. पदवीचा कागद हातात आला त्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पेशंटना ताटकळत ठेवून बाईंना पेढ्यांऐवजी नवा टूथब्रश दिला, म्हणे गोड नको!

आता माझा कणा मोडलाय, चिकटपट्टीवर निभावतोय. बाई मला कॉलेजच्या लायब्ररीला द्यायला निघाल्या होत्या. सासूबाईंनी दारातच अडवलं. "ठेव ते इथे. तू पास झालीस, मी कुठे झालेय?"

कालपासून आम्ही दोघं पहिल्याच पानावर आहोत. त्यांना घाई नाही, मलाही नाही. तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद कोराकरकरीत पडला असेल, तर त्याच्या समासात बिनधास्त लिहा, चुका, खोडा. आम्हाला लागत नाही. बरं, चष्मा पुसत त्या आल्याच. येतो मी.