फुकटचं पुस्तक

जनकाबाईच्या घरात फुकटचं काही टिकत नसे, हे अख्ख्या शिरड शहापुराला ठाऊक होतं. तिची सासू रूपाबाई म्हणजे वाघीण. गावकीची कामं करायची आणि त्या बदल्यात दारोदार भाकर मागायची, ही रीत तिनं मोडली. मागायची टोपली चुलीत घातली आणि त्याच जाळावर घरची भाकर भाजली. नव्या सुनेला म्हणाली, "वरून टाकलेलं आपून घ्यायचं न्हाई." जनकाबाईनं ते जन्मभर पाळलं. शेजारणीनं कढी दिली तर तिची वाटीसुद्धा रिकामी परत जात नसे.

नात आकांक्षा वसमतच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. पुढं नांदेडला शिकायचं, तर प्रवेश परीक्षा होती. तिची मैत्रीण अजरा एका सकाळी जाडजूड, तारेनं बांधलेलं पुस्तक घेऊन आली. अजराचा बाप जलालुद्दीन, त्याचं बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान.

"कितीला दिलं?" जनकाबाईनं विचारलं.

"कितीला न्हाई, दादी. फुकट हाय. लिहिणाऱ्यांनी नेटवर टाकलंय, कोणीबी घ्यावं म्हणून. अब्बांनी दोघींसाठी छापून काढलं."

"काहून? त्यांच्याकडं इकत घेणारे सरले का?"

अजरा हसली. "तसं न्हाई, दादी. परदेशात लई लोक टाकून राहिले असं."

"मंग टाकू दे. टाकलेलं उचलायला आमी काय उकिरड्यावर बसलो? तुझ्या बापाला सांग, आमचं पोरगं इकत घेऊन शिकंल."

अजराचा चेहरा उतरला. पुस्तक पिशवीत घालून ती गेली. आकांक्षा एवढंच म्हणाली, "आजे, ते मोबाइलवरबी हाय. मी त्यातच वाचते."

"फुकटचंच ना? लाव माझ्या गळ्याला हात. म्हण, शिवणार न्हाई."

पोरीनं हात लावला. दुसरी एखादी लपूनछपून वाचती. ही रूपाबाईची पणती; बोलली ते पाळलं.

जनकाबाईनं लेकाला, रविंद्रला, वसमतच्या पुस्तकवाल्याकडं त्या परीक्षेचं विकतचं पुस्तक आणायला धाडलं. पुस्तकवाला म्हणाला, पुण्याहून मागवावं लागंल. मग आज येतं, उद्या येतं. आकांक्षा वर्गातल्या वहीवरच भागवत राहिली. परीक्षा होऊन गेली आणि मग पुस्तक आलं. गुळगुळीत, नव्या वासाचं. जनकाबाईनं हळद-कुंकवाच्या ताटासारखं ते दोन्ही हातांनी नातीपुढं धरलं.

आकांक्षानं चार पानं उलटली. "आजे, हे तेच हाय."

"तेच म्हंजी?"

"अजरानं आणलेलं. कोणीबी छापून इकू शकतं. इथं लिव्हलंय बघ. कुणीबी वाचावं, छापावं, दुसऱ्याला द्यावं. लिहिणाऱ्याचं नाव तेवढं पुसू नये."

"आन कुणाला इचारायचं?"

"कुणालाच न्हाई."

जनकाबाईला माहेरचा आड आठवला. लहानपणी ती आडाच्या कट्ट्याखाली घागर ठेवून उभी राहायची. वरच्या एखादीला दया आली तर पाणी मिळायचं. पुढं तिच्या बापानं आणि वस्तीतल्यांनी भांडून तो आड सगळ्यांना मोकळा केला. त्या दिवशी बापानं स्वतः पोहरा सोडला होता आणि कुणाचे आभार मानले नव्हते. हे पुस्तक तसल्या आडासारखं होतं. आणि तिथून आपल्याच नातीला तिनं हात धरून मागं फिरवलं होतं.

निकाल लागला. अजरा नांदेडला गेली. आकांक्षाचं थोडक्यात हुकलं. ती आता वसमतला एका हळदीच्या अडतीत पोत्यांवर चिठ्ठ्या लावते. घरात स्थळांची बोलणी निघतात. पुढल्या वर्षी परत बस म्हटलं, की ती "बघू" म्हणते. भांडत नाही, हेच जनकाबाईला जड जातं.

एका बाजाराच्या दिवशी जनकाबाई जलालुद्दीनच्या दुकानात गेली. बराच वेळ बाकावर बसून राहिली.

"काय पायजे, मावशी?"

"अजरानं आणलं होतं तसलं पुस्तक."

"ते तर कळमनुरीचं एक पोरगं घेऊन गेलं. दुसरं काढून देतो की."

मशीन चालू झालं. गरम कागदांचा गठ्ठा मांडीवर आला. "कितीला" हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला, तो तिनं गिळला. पैशाची गाठ सोडायला तिचा हात कनवटीला गेला होता, तोही तिनं मागं घेतला.

संध्याकाळी आकांक्षा कामावरून आली. हात कोपरापर्यंत पिवळे. जनकाबाईनं पुस्तक पुढं केलं.

"आपल्याकडं हाय ना एक, आजे."

"व्हय. पर हे फुकटचं हाय." ती म्हणाली, "ती शपथ सुटली समज."

आकांक्षा पुस्तकाकडं बघत राहिली. "परीक्षा झाल्यावर सुटून काय करू?" ती शांतपणे म्हणाली आणि हात धुवायला मोरीकडं गेली.

जनकाबाईनं पुस्तक आपल्या मांडीवर घेतलं. इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवत, लिहिणाऱ्याचं नाव कुठं असेल ते शोधत बसली. मोरीत पाणी वाहत होतं. हळद लवकर निघत नाही.