माग चालू असतानाचा मनीप्लांट

वडगावात करंट गेला की अख्खी गल्ली शिव्या घालते. घराघरांतले साड्यांचे माग एकदम गप्प होतात, आडवा धागा नेणारा धोटा असेल तिथं थांबतो, आणि पुरुष बनियनवर बाहेर येऊन वायरमनच्या खानदानाचा उद्धार करतात. त्या वेळी गल्लीत एकच बाई खूश असायची. कुमारची बायको, सौम्या.

कारण सरळ होतं. माग चालू तोवर तिला धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भराव्या लागत, आणि कांड्यांचं मशीनही करंटवरच. ते थांबलं की हात मोकळे. मग ती खिडकीतल्या लोणच्याच्या बरणीसमोर बसायची. बरणीत पाणी, पाण्यात मनीप्लांट. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा मांडीवर, रंगाच्या बाटल्या फरशीवर. फोटो बघून काढायचं तिला पटत नसे. "फोटोतलं पान म्हातारं हुईत न्हाय," म्हणायची. समोरचं पान काल गुंडाळलेलं असे, आज उलगडे.

सासू सोनाबाई दारात बसून ऐकवायची, "आमचं पोट बंद पडलं की हिचं दुकान उघडतंय."

हे सौम्याला झोंबायचं, कारण ते खरं होतं. घराचं नुकसान झाल्याशिवाय तिचं चित्र पुढं सरकत नव्हतं. पण राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. ज्या घरानं पिढ्यान्पिढ्या काठावर वेली विणून पोट भरलं, त्याच घरात सुनेनं पुठ्ठ्यावर वेल काढली की ती थेरं. विकायचं पान ते कष्ट, नुसतं बघायचं पान तो माज. असल्या अकलेला काय म्हणायचं?

शेजारच्या शहापुरात एका मंगल कार्यालयात चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. घरातली झाडं, समोर ठेवून काढलेली. सौम्यानं कुणाला न विचारता नाव देऊन टाकलं. मनीप्लांट निम्मा रंगवून झाला आणि नेमका करंट काही जाईना. चित्र द्यायच्या आदल्या दिवशी ती नवऱ्यापुढं उभी राहिली.

"तासभर माग बंद कर."

"अगं, ऑर्डर हाय."

"ठाऊक हाय. कांड्या म्याच भरल्यात."

कुमार वाईट नव्हता, नुसता भित्रा. त्यानं आईकडं बघितलं.

"कर की रं बंद," सोनाबाई म्हणाली. "सांजच्याला पुठ्ठाच शिजवू."

सौम्या तरातरा खिडकीशी गेली ती पुठ्ठा फाडायलाच. तेवढ्यात तिची नजर बरणीवर पडली. माग धडाधडा चालू होते. बरणीतल्या पाण्यावर वर्तुळांमागून वर्तुळं उठत होती. एकेक पान थरथरत होतं, कड कुठं संपते ते कळत नव्हतं. हा मनीप्लांट तिनं कधी बघितलाच नव्हता. इतके दिवस ती रंगवत आली तो करंट गेल्यावरचा, पाव्हण्यासारखा अंग चोरून बसलेला. हे झाड या घरात मुळं धरल्यापासून असंच हलत होतं.

"बंद करू नको," ती म्हणाली. "दोन्ही माग चालू ठेव."

"आणि कांड्या?"

"आज तू भर."

कुमारनं आईकडं न बघता भरल्या. सौम्यानं जुन्या रंगावरूनच नवा रंग चढवला. पानाला दोन कडा, कुठं तीन. पाण्यात मुळं सुताच्या गुंत्यासारखी विस्कटलेली. उजवीकडची पानं जास्त हलत होती, ती तिनं जास्तच हलवली.

प्रदर्शनाची मांडणी मारुतीराव बघत होते. इस्त्रीचा झब्बा, गळ्यात चष्मा. त्यांनी पुठ्ठा लांब धरला.

"वहिनी, हात थरथरतो का तुमचा?"

"हात न्हाय. पान."

"घरातलं झाड म्हणजे कसं, बघून शांत वाटलं पाहिजे."

"ज्याचं घर शांत त्यानं शांत काढावं," सौम्या म्हणाली. "तुम्ही लावणार का न्हाय, तेवढं सांगा."

त्यांनी लावलं. पार कोपऱ्यात, हात धुवायच्या नळाशेजारी.

दुसऱ्या दिवशी सोनाबाई आली, शेजारचा भावकू आणि चार बायका घेऊन. सुनेनं काय दिवे लावलेत ते बघायला. कुंड्या, फुलदाण्या, चकचकीत पानं, सगळ्यांपुढून ती सरळ निघून गेली आणि नळापाशी थबकली. वाकून पुठ्ठा न्याहाळला. मग चित्राच्या उजव्या बाजूकडं बोट केलं.

"ह्या अंगाला आमचा खिडकीकडला माग. बघ की भावकू, तिकडची पानं जास्त हालत्यात."

"व्हय आक्का," भावकू म्हणाला. "आमच्या देव्हाऱ्यातल्या तांब्यातलं पाणी बी असंच हालतंय."

गल्लीत बातमी पोचली आणि संध्याकाळपर्यंत वडगावातले विणकर येत राहिले. बाकीचं कार्यालय मोकळं, आणि नळापाशी रेटारेटी. मारुतीराव लगबगीनं आले. चित्र पुढं, दारासमोर लावू म्हणाले.

"ऱ्हाऊ दे तिथंच," सौम्या म्हणाली. "आल्यात की सगळी चालत."

कुणीतरी विचारलं, काढलंय कुणी. सौम्यानं तोंड उघडायच्या आत सोनाबाईचं उत्तर आलं, "आमच्या सुनेनं. माग चालू ठिवून."

चार दिवसांनी सोनाबाईनं स्वतः कोरफडीची कुंडी उचलून खिडकीत आणून ठेवली. माग सुरू झाले, कोरफडीचे काटे थरथरायला लागले, सौम्यानं ब्रश भिजवला.

आणि करंट गेला.

गल्लीनं शिव्यांचा पट्टा सोडला. त्यात पहिल्यांदाच एका बाईचा आवाज होता, आणि तो सगळ्यांत मोठा होता.