कड्यावरचं बुजगावणं

केटिल माझा धाकटा भाऊ. आमच्या बेटावरची आयडर बदकं तोच सांभाळतो, त्यांच्या घरट्यांतल्या मऊ पिसांवर घर चालतं. म्हणून आजवर त्याचे सगळे उद्योग पोटात घातले. हा घालणार नाही.

पाण्यापलीकडे समोरच्या कड्यावर पांढऱ्या शेपटीच्या गरुडांची जोडी आहे. चार वर्षं त्यांना पिल्लू नाही. यंदा एप्रिलात मादी एका अंड्यावर बसली. अडतीस दिवस लागतात, मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज मोजत होते. त्या घरट्याजवळ फिरकायला कायद्याने बंदी आहे, हे अख्ख्या आइसलँडात शेंबडं पोरही सांगेल.

छत्तिसाव्या दिवशी सकाळी बघते, तर कड्यावर पिवळा कोट घातलेला माणूस, हात पसरून. हलेना. दुर्बीण लावली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुजगावणं होतं ते, आणि अंगात आमच्या गेलेल्या बाबांचा मेणकापडाचा कोट. गरुड बसू नये म्हणून जुने लोक असली बुजगावणी उभारायचे, पण मार्चमध्ये, अंडं पडायच्या आधी. बाबांनी तर तेही जन्मात केलं नाही. मादी वर घिरट्या घालत होती, खाली उतरत नव्हती.

होडी काढली, कडा चढले, ते ध्यान उपटलं आणि लांब दगडाआड जाऊन बसले. दोन तास झाले, ती काही आली नाही. डोमकावळे मात्र आले. मग परत चढून अंडं उचललं आणि स्वेटरच्या आत घातलं.

केटिल चुलीपाशी बसला होता. पोरकी झालेली बदकाची अंडी टोपलीतून काढून एकेक मिटल्या पापणीला लावत होता. आत जीव आहे का, ते पापणीला कळतं. बाबांनीच शिकवलं आम्हाला.

"कधी उभारलंस ते?"

"काल संध्याकाळी. ताई, आधी बस तरी. बदकं आत्ता कुठे बसलीत, आणि तो मेला गरुड..."

"रात्रभर उघडं पडलं अंडं."

"एका अंड्यासाठी एवढा तमाशा? माझी किती जातात, ते कधी बघितलंस?"

"आणि बाबांचा कोट रे? लाज नाही वाटली?"

"पिवळा लांबून दिसतो म्हणून घेतला."

मी अंडं त्याच्या हातात ठेवलं. "लाव डोळ्याला."

त्यानं लावलं. बराच वेळ बसला. मग दुसऱ्या डोळ्याला लावलं. मग गुपचूप टोपलीत ठेवून वर पिसं ओढायला लागला.

"काढ ते," मी म्हटलं. "आता पांघरूण घालून काय उपयोग."

मी पोलिसांना फोन लावला. "ताई, अगं, मी तुझा भाऊ आहे," तो मागून म्हणत होता. पलीकडच्या बाईनं विचारलं, कुणी उभारलं, पूर्ण नाव सांगा.

आमच्यात आडनावं नसतात, बापाचंच नाव लागतं.

"केटिल," मी म्हटलं, "हाल्वार्डचा मुलगा." बाबांचं नाव घेताना माझा आवाज चिरकला, तर बाई म्हणाली, नीट ऐकू आलं नाही, परत सांगा. मी परत सांगितलं.