पंचाच्या टाचा

आमचे हे म्हणजे क्लबचे पहिले पगारी विकेटकीपर. पगार घेऊन चेंडू झेलतो म्हणून लोकांनी नाकं मुरडली, मी मात्र लग्नाला पटकन हो म्हटलं. वीस वर्षांत दहाही बोटं मोडून झाली. उजवी तर्जनी तर अशी वाकडी बसली की वर केली तरी शेजारच्यावर रोखल्यासारखी दिसायची. मग गुडघे गेले, कीपिंग सुटलं आणि क्लबने ह्यांना पांढरा कोट देऊन पंच केलं. तेही तीन सामन्यांपुरतं, पारखून बघायला.

पहिल्याच सामन्यात घोळ! चेंडू फलंदाजाच्या पायावर आदळला आणि गोलंदाजाच्या आधी आमचे पंचच दोन्ही हात फेकून ओरडले, "हाऊज दॅट!" हसून हसून मी खुर्चीवरून पडले. दुसऱ्या सामन्यात पुन्हा तेच.

सेक्रेटरीसाहेब मात्र हसले नाहीत. "अपील खेळाडूंनी करायचं, तुम्ही फक्त उत्तर द्यायचं. पुन्हा ओरडलात तर कोट परत करा."

घरी ह्यांना घास गिळवेना. "मैदान सुटलं तर मी करू काय गं?" तिसऱ्या सामन्याला मी ह्यांच्या तोंडात भलीमोठी पेपरमिंटची गोळी कोंबली आणि उरलेली पुडी ह्यांच्या कोटाच्या खिशात घातली. "ओरडावंसं वाटलं की चघळा!"

त्या सामन्यात शेवटची जोडी खेळत होती. जिंकायला एक धाव हवी, आणि बॅट हातात घेऊन उभे खुद्द सेक्रेटरीसाहेब. चेंडू त्यांच्याजवळून गेला, कीपरने पकडला. कुणी हूं की चूं केलं नाही. पण मला ह्यांची पाठ दिसत होती. टाचा उचललेल्या! माझ्या आईपुढे शब्द गिळताना अश्शाच उचलतात. म्हणजे चेंडू बॅटला नक्की लागलाय. आणि खेळाडूंपैकी कुणी विचारल्याशिवाय पंचाला बोट वर करता येत नाही. हे बिचारे चवड्यांवर उभे, जबडा जोरजोरात हलतोय.

मला राहवेना. खुर्चीवर चढून मी बोंब ठोकली, "हाऊज दॅट!" दचकून कीपरही ओरडला, मग अकराच्या अकरा. ह्यांचं वाकडं बोट वर गेलं आणि शेजारी उभा असलेला दुसराच फलंदाज मान खाली घालून तंबूकडे निघाला! त्याला हाका मारून थांबवावं लागलं.

संध्याकाळी सेक्रेटरीसाहेब घरी आले. "लागला होता चेंडू, मलाही कळलं होतं. कोट तुमचा. फक्त वहिनींनी मैदानात यायचं नाही."

ह्यांनी सरळ कोट काढला, घडी घालून टेबलावर ठेवला. "मग घेऊन जा. वीस वर्षं दर षटकाला मान वळवून हिला बघत आलोय. ही नसेल तर मला खेळ दिसणार नाही."

मला रडू कोसळलं, आणि रागही आला. इतक्या मारामारीनंतर मिळालेला कोट, असा देऊन टाकायचा? मी तो उचलून ह्यांच्या अंगात चढवला, खिशातली पुडी काढली आणि सेक्रेटरीसाहेबांच्या डोळ्यांदेखत एक गोळी माझ्याच तोंडात टाकली. साहेब प्रथमच हसले.

आता सामनाभर आम्ही दोघंही पेपरमिंट चघळतो. टाचा मात्र दोघांच्याही उचलतात.